शोधनिबंधाचा मेटाडेटा यंत्राला वाचता येईल असा कसा तयार करावा

शोधनिबंधाचे पहिले पान समोर आले की माणसाला सगळे एका नजरेत कळते. मोठ्या अक्षरांत आहे ते शीर्षक, त्याखाली लेखकांची नावे, नावांवरच्या बारीक आकड्यांवरून त्यांच्या संस्था आणि तळाशी लहान टायपात अनुदानाचा उल्लेख. यातले काहीही कुणी आपल्याला सांगत नाही. अक्षरांचा आकार, त्यांची जागा आणि वाचनाची सवय यांवरून आपण ते ओळखतो. संगणकाच्या प्रोग्रामला ही सवय नसते. त्याच्या लेखी पीडीएफ म्हणजे पानावर कोणते अक्षर कुठे ठेवायचे याच्या सूचनांची रास असते, आणि त्या राशीत आडनाव कोणते, संस्थेचे नाव कोणते, तारीख प्रकाशनाची की स्वीकृतीची, हे लिहिलेले नसते. म्हणून प्रत्येक गोष्टीला नाव देऊन, ठरलेल्या रचनेत ती वेगळी लिहून ठेवावी लागते. अशा रीतीने लिहिलेल्या माहितीला यंत्राला वाचता येणारा मेटाडेटा म्हणतात. ग्रंथालयांच्या सूची, शोधयंत्रे, संदर्भ मोजणाऱ्या सेवा आणि अनुदान देणाऱ्या संस्थांच्या अहवालयंत्रणा यांच्यापर्यंत बहुतेक वेळा निबंध पोहोचत नाही. पोहोचतो तो हा मेटाडेटाच.

एखाद्या लहान किंवा मध्यम नियतकालिकाच्या संपादन-निर्मितीच्या कामात नव्याने आलेल्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे. लेखक म्हणून निबंध पाठवणाऱ्यांनाही नावांविषयीचा आणि संदर्भांविषयीचा भाग उपयोगी पडेल. सुरुवातीलाच एक सूचना करावीशी वाटते: येथे ओळखक्रमांक आणि पत्ते देवनागरीत लिहिले आहेत, प्रत्यक्ष रकान्यांत ते रोमन अक्षरे आणि इंग्रजी अंक वापरूनच भरावेत, कारण देवनागरी अंकांत लिहिलेला क्रमांक या यंत्रणा ओळखत नाहीत.

मी हे काम शिकत असताना एका नियतकालिकात चार लेखकांच्या एका निबंधाची नोंदणी केली होती. अर्जातल्या लेखकाच्या रकान्यात मी चारही नावे स्वल्पविराम देऊन एकापुढे एक लिहिली. वेबपानावर ती अगदी नीट दिसत होती, त्यामुळे कुणाच्याच काही लक्षात आले नाही. यंत्राच्या नोंदीत मात्र त्या निबंधाला चार लेखक नव्हते, लांबलचक नावाचा एकच लेखक होता. पुढे त्यांतल्या तिसऱ्या लेखिकेने आपल्या नावावर हा निबंध कुठेच का दिसत नाही असे विचारले, तेव्हा चूक उघड झाली. दुरुस्तीला दहा मिनिटे लागली. पण तोवर ती चुकीची नोंद उचलून इतर सेवांनी आपापल्या प्रती करून ठेवल्या होत्या, आणि त्या सगळ्या सुधारणे माझ्या हातात उरले नव्हते. माणसाला बरोबर दिसणारी गोष्ट यंत्राला बरोबर पोहोचलीच असेल असे नाही, हे मी तेव्हापासून गृहीत धरून चालतो.

आधी कागदावर यादी करा

कोणत्याही सॉफ्टवेअरला हात लावण्यापूर्वी आपल्याच नियतकालिकातला एक प्रसिद्ध झालेला निबंध घ्यावा आणि त्याच्याविषयी काय काय माहिती असते याची यादी कागदावर करावी: शीर्षक, लेखक, त्यांच्या संस्था, सारांश, तारखा, खंड, अंक, पृष्ठे, परवाना, अनुदान, संदर्भ, सोबतची विदा (डेटा). मग प्रत्येक गोष्टीपुढे ती सर्वांत नेमकी कुणाला ठाऊक असते आणि आपण ती कधी विचारतो हे लिहावे. हा तक्ता मांडला की एक गोष्ट ठळकपणे दिसते: बहुतेक माहिती लेखकांपाशी असते आणि निबंध पाठवण्याच्या दिवशी ती सर्वांत ताजी असते. तरीही पुष्कळ ठिकाणी ती मुद्रितशोधनाच्या वेळी, म्हणजे कधी कधी वर्षभराने, घाईघाईत गोळा केली जाते. तोवर एखाद्या सहलेखकाची संस्था बदललेली असते, आणि अनुदानाचा क्रमांक ज्याला ठाऊक होता तो सहकारी प्रकल्प सोडून गेलेला असतो. मेटाडेटा हे निर्मितीच्या शेवटी उरकायचे काम मानणे ही माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. तो निबंध दाखल होतानाच मागावा, आणि स्वीकृतीच्या वेळी लेखकांकडून पुन्हा एकदा तपासून घ्यावा.

दुसरे पथ्य असे की माहिती एकाच ठिकाणी भरावी आणि बाकी सर्वत्र ती तिथूनच जावी. पब्लिक नॉलेज प्रोजेक्टची ओपन जर्नल सिस्टिम्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्यांना ही सोय आयतीच मिळते, कारण निबंध दाखल करताना भरलेले रकानेच पुढे वेबपानावर, नोंदणीच्या फाइलीत आणि सूचीकारांच्या हाती जातात. अडचण येते ती मुद्रितशोधनात. संपादक पीडीएफमध्ये शीर्षकातला एक शब्द बदलतो, मूळ नोंद तशीच राहते आणि एका निबंधाची दोन शीर्षके जगभर फिरू लागतात. मुद्रितशोधनात शीर्षक, नाव किंवा सारांश बदलला, तर तो त्याच दिवशी मूळ नोंदीतही बदलायचा, असा नियम करून टाकावा.

माहिती एक्सेलच्या तक्त्यात साठवत असाल तर विशेष जपावे. ‘१-२’ असा जोडअंक किंवा ‘५-१०’ अशी पृष्ठे इंग्रजी अंकांत लिहिली की एक्सेल ती तारीख समजून बदलून टाकते, आणि ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक (त्याविषयी पुढे येईलच) आडव्या रेघांशिवाय लिहिला तर सुरुवातीची सगळी शून्ये गाळून टाकते. जनुकांच्या नावांचे असेच झाले होते. ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी नावे तारखा बनून प्रसिद्ध निबंधांच्या पुरवणी तक्त्यांत शिरली, आणि शेवटी मानवी जनुकांच्या नामकरण समितीने २०२० मध्ये ती नावेच बदलली. सगळे रकाने आधी ‘मजकूर’ या प्रकारात बदलून घ्यावेत आणि मगच माहिती भरावी.

ओळखक्रमांक: निबंधाचा, माणसाचा, संस्थेचा

नावे एकसारखी असू शकतात, बदलतात, निरनिराळ्या प्रकारे लिहिली जातात. यंत्राला न बदलणारी खूण लागते, आणि ती खूण म्हणजे ओळखक्रमांक.

निबंधाचा क्रमांक म्हणजे डीओआय. तो नेहमी १० या आकड्याने सुरू होतो. मग टिंब, प्रकाशकाला मिळालेला क्रमांक, तिरपी रेघ आणि त्यापुढे प्रकाशकाने स्वतः ठरवलेला भाग येतो. हा शेवटचा भाग ठरवताना त्यात नियतकालिकाचे नाव, वर्ष, अंक असे अर्थ कोंबण्याचा मोह होतो. तो टाळावा. निबंध पुढच्या अंकात ढकलला गेला की तो अर्थ खोटा ठरतो, आणि नोंदवलेला डीओआय पुसताही येत नाही, बदलताही येत नाही. छोटा, निरर्थक, रोमन अक्षरे आणि अंक यांचाच बनलेला भाग सर्वांत टिकाऊ ठरतो. नियतकालिकांच्या निबंधांचे डीओआय बहुतांशी २००० साली सुरू झालेल्या क्रॉसरेफ या नोंदणीसंस्थेकडे नोंदवले जातात. विदासंच आणि सॉफ्टवेअर यांच्यासाठी २००९ मध्ये स्थापन झालेली डेटासाइट ही संस्था मुख्यत्वे काम पाहते.

माणसाचा क्रमांक म्हणजे ऑर्किड. ही सेवा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाली. क्रमांक सोळा अंकी असतो आणि त्याचा शेवटचा अंक आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टंकलेखनातली चूक लगेच पकडता येते. ऑर्किडच्या मदतपानांवर जोसाया कारबेरी या काल्पनिक प्राध्यापकाचा ०००० ०००२ १८२५ ००९७ हा क्रमांक नमुन्यादाखल दिलेला असतो. तोच तपासून पाहू. शून्यापासून सुरुवात करायची, डावीकडून एकेक अंक मिळवायचा आणि प्रत्येक वेळी बेरीज दुप्पट करायची. पहिली सात शून्ये काही बदल करत नाहीत. २ मिळवून दुप्पट केले की ४. १ मिळवून दुप्पट केले की १०. ८ ने ३६, २ ने ७६, ५ ने १६२. मग दोन शून्यांमुळे ३२४ आणि ६४८. शेवटी ९ मिळवून दुप्पट केले की १३१४. याला ११ ने भागले की बाकी ५ उरते. १२ मधून ५ वजा केले की ७, आणि क्रमांकाचा शेवटचा अंक ७ च आहे. आता कुणी १८२५ ऐवजी चुकून १८५२ लिहिले असते, तर हेच गणित १३६२ वर संपले असते, बाकी ९ उरली असती आणि तपासअंक ३ आला असता. चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती. हे गणित हाताने करत बसण्याची गरज नाही, ते काम प्रणाली करते. परंतु हा अंक कशासाठी आहे हे ठाऊक असले म्हणजे ‘अवैध क्रमांक’ असा संदेश आल्यावर माणूस गोंधळत नाही. वजाबाकीचे उत्तर १० आले तर शेवटी रोमन एक्स हे अक्षर येते आणि उत्तर ११ आले तर शून्य, हेही लक्षात असू द्यावे; नवखे लोक एक्स ही चूक समजून काढून टाकतात.

तपासअंकाने टंकनदोष सापडतो, माणूस बरोबर आहे की नाही हे मात्र कळत नाही. दुसऱ्या कुणाचा पूर्णपणे वैध क्रमांक लेखकापुढे लिहिला गेला तर गणित काहीच हरकत घेणार नाही. यासाठी लेखकाकडून क्रमांक टाइप करून घेऊच नये. त्याला ऑर्किडमध्ये प्रवेश करायला लावून क्रमांक थेट तिथून घ्यावा. ही सोय बहुतेक प्रणालींत असते, ती सुरू करण्याचे कष्ट मात्र संपादकाला घ्यावे लागतात.

संस्थांसाठी जानेवारी २०१९ मध्ये आर-ओ-आर ही मुक्त नोंदवही सुरू झाली. तिच्यात एक लाखाहून अधिक संस्था आहेत आणि प्रत्येकीला नऊ चिन्हांचा, शून्याने सुरू होणारा क्रमांक आहे. एकाच विद्यापीठाचे नाव लेखक पाच-सात प्रकारे लिहितात. क्रमांक जोडला की ती सगळी रूपे एकाच संस्थेपाशी येऊन मिळतात.

नावे

या विषयावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण मेटाडेटातली सर्वांत दुखावणारी चूक नावाची असते. शीर्षकातली चूक निबंधाला लागते. नावातली चूक माणसाच्या कामाचे श्रेयच हिरावून घेते.

बहुतेक प्रणालींत नावाचे दोन रकाने असतात, एक दिलेल्या नावाचा आणि एक आडनावाचा. जगातली सगळी नावे या दोन कप्प्यांत बसत नाहीत. काही भाषांत आडनाव आधी येते. आइसलँडमध्ये नावाचा शेवटचा भाग बहुधा वडिलांच्या किंवा आईच्या नावावरून बनतो, ते कुळाचे आडनाव नसते. आणि कित्येकांना एकच नाव असते. निबंधांसाठीच्या जॅट्स या एक्सएमएल (खुणा लावून माहिती लिहिण्याची पद्धत) मानकाने म्हणूनच नावाची शैली सांगण्याची सोय केली आहे: पाश्चात्त्य, पौर्वात्य, आइसलँडिक आणि केवळ दिलेले नाव. क्रॉसरेफच्या रचनेत व्यक्तीच्या नावात आडनावाचा रकाना अनिवार्य आणि दिलेल्या नावाचा ऐच्छिक आहे; त्यामुळे एकच नाव असलेल्या लेखकाचे नाव आडनावाच्या रकान्यात लिहावे आणि दुसरा रकाना रिकामा ठेवावा. रिकामा रकाना बोचतो म्हणून त्यात टिंब देणे किंवा तेच नाव पुन्हा लिहिणे यामुळे नसलेले नाव त्या माणसाला कायमचे चिकटते.

नावाचे तुकडे कसे करायचे हे संपादकाने अंदाजाने ठरवू नये. लेखकालाच विचारावे, आणि प्रश्न असा असावा: ‘संदर्भसूचीत तुमचे नाव कोणत्या शब्दापासून सुरू व्हावे?’ ‘आडनाव काय?’ या प्रश्नापेक्षा या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते, असा माझा अनुभव आहे.

बाकीच्या चुका ओळखायला सोप्या आहेत, पण त्या सर्रास होतात. एका रकान्यात एकच माणूस लिहावा. ‘डॉ.’, ‘प्रा.’ यांसारख्या उपाध्या आणि पदव्या नावात लिहू नयेत. नावापुढची तारका किंवा संस्थेचा आकडा हा छापील पानाचा भाग आहे, नावाचा नाही. तो नावासोबत उचलला गेला की त्याच लेखकाची एक नवी, तारकेसह नोंद तयार होते. ‘आणि इतर’ या नावाचा लेखक अस्तित्वात नसतो. पूर्ण नाव कॅपिटल अक्षरांत लिहू नये, कारण त्यातून मूळ लेखन परत मिळवता येत नाही. संशोधकांचा गट लेखक असेल तर त्याचे नाव गटासाठी असलेल्या वेगळ्या रकान्यात द्यावे.

याला जोडून अक्षरांच्या संकेतनाविषयी. काही चिन्हयुक्त अक्षरे युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतात: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधे अक्षर आणि वरचे चिन्ह असे जोडून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी दिसतात, पण यंत्राच्या तुलनेत ती निराळी ठरू शकतात. नोंदी साठवताना सर्वत्र एनएफसी हे एकत्रित रूप वापरावे, असे तंत्रज्ञाला सांगून ठेवावे. युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर तर रकान्यात चिकटवूच नये. फाँट बदलला की त्याची निरर्थक अक्षरे होतात. तसेच निबंधाची भाषा प्रमाणित संकेताने नोंदवावी. मराठीसाठी तो एम आणि आर या दोन लहान रोमन अक्षरांचा आहे.

तारखा, परवाना, अनुदान

तारखेचे वर्ष, महिना आणि दिवस वेगवेगळ्या रकान्यांत द्यावेत. ऑनलाइन प्रकाशन आणि छापील प्रकाशन यांच्या तारखा निरनिराळ्या असतील तर दोन्ही द्याव्यात.

परवाना वाक्यात वर्णन करून पुरत नाही. ‘हा निबंध सर्वांसाठी खुला आहे’ हे वाक्य यंत्राला काहीच सांगत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या त्या विशिष्ट परवान्याचा, आवृत्तीक्रमांकासह, पूर्ण वेबपत्ता नोंदीत असावा लागतो. परवाना निबंधाच्या कोणत्या आवृत्तीला आणि कोणत्या तारखेपासून लागू आहे हेही सांगता येते. अनुदानाचे दोन भाग असतात, देणारी संस्था आणि मंजुरीचा क्रमांक, आणि ते दोन्ही स्वतंत्र लिहावेत. कुणी काय काम केले हे नोंदवायचे असेल तर क्रेडिट या वर्गीकरणातल्या चौदा भूमिकांमधून निवड करावी.

संदर्भसूची

संदर्भांकडे निबंधाचे शेपूट म्हणून पाहिले जाते, पण यंत्राच्या दृष्टीने एक निबंध दुसऱ्याला बांधणारा धागा तोच असतो. संदर्भ मुक्तपणे उपलब्ध असावेत यासाठी एप्रिल २०१७ मध्ये ‘इनिशिएटिव्ह फॉर ओपन सायटेशन्स’ हा उपक्रम सुरू झाला, आणि २०२२ पासून क्रॉसरेफकडे जमा झालेले सगळे संदर्भ खुले आहेत. त्यामुळे आपण जमा केलेली सूची कुणालाही अभ्यासता येते, आणि न जमा केलेली सूची या जाळ्यात नसतेच. निबंधात शंभर संदर्भ असले तरी नोंदणीच्या फाइलीत ते दिले नाहीत, तर त्या शंभर लेखकांना आपले काम वापरले गेल्याचे या मार्गाने कळणार नाही.

संदर्भासोबत डीओआय दिला तर उत्तमच. तो ठाऊक नसेल तर संदर्भाचे अखंड वाक्य जसेच्या तसे दिले तरी चालते. क्रॉसरेफची यंत्रणा ते आपल्या नोंदींशी ताडून पाहते आणि जुळले तर डीओआय स्वतः जोडते. तो प्रकाशकाने दिला की यंत्रणेने शोधला, याचीही नोंद राहते. माझा सल्ला असा की सर्व संदर्भ नीट तुकड्यांत विभागून होईपर्यंत वाट पाहू नये. अखंड वाक्ये आज जमा करावीत, सुधारणा पुढे करता येते. निबंधासोबत विदासंच असेल तर त्याचा उल्लेख संदर्भसूचीत त्याच्या डीओआयसह करावा आणि शक्य असल्यास नोंदीत दोघांमधले नातेही सांगावे.

एक्सएमएल आणि नोंदणी

एक्सएमएलचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक माहितीच्या आधी एक उघडणारी खूण, नंतर एक बंद करणारी खूण, आणि खुणांची एकात एक बसणारी उतरंड, इतकेच त्याचे स्वरूप आहे. दोन चिन्हे मात्र जपून वापरावी लागतात: ‘आणि’ या अर्थाचे अँपरसँड आणि ‘पेक्षा कमी’ हे चिन्ह. एक्सएमएलमध्ये त्यांना स्वतःचा अर्थ असल्यामुळे शीर्षकात किंवा सारांशात ती जशीच्या तशी आली तर फाइल नाकारली जाते, आणि त्यांच्या जागी ठरलेले पर्यायी संकेत लिहावे लागतात. रासायनिक सूत्रांतले खाली-वर लिहिलेले आकडेही त्यांच्या खुणांसह द्यावेत.

दोन निरनिराळ्या एक्सएमएलची नवख्यांकडून गल्लत होते. जॅट्स हे संपूर्ण निबंधाचे, अगदी परिच्छेद आणि तक्ते यांसह, लेखन करण्याचे मानक आहे. ते २०१२ मध्ये नायसो या मानकसंस्थेने स्वीकारले. क्रॉसरेफकडे पाठवायची फाइल वेगळी असते आणि तिच्यात मुख्यतः मेटाडेटाच असतो. ती बहुधा आपली प्रणालीच तयार करते, आणि प्रणाली नसेल तर क्रॉसरेफच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरूनही नोंदणी करता येते. पहिल्यांदा करताना क्रॉसरेफच्या चाचणीसाठीच्या स्वतंत्र यंत्रणेवर फाइल पाठवून पाहावी.

नोंदणी यशस्वी झाल्याचा संदेश आला म्हणजे मेटाडेटा चांगला झाला, असा समज करून घेऊ नये. नियतकालिकातल्या निबंधाच्या नोंदीसाठी किमान आवश्यक गोष्टी अगदी थोड्या आहेत: नियतकालिकाची ओळख, निबंधाचे शीर्षक, प्रकाशनाचे वर्ष, डीओआय आणि वेबपानाचा पत्ता. लेखकाचे नावही त्या किमान यादीत नाही. म्हणजे लेखक, सारांश, संदर्भ, परवाना यांपैकी काहीही नसलेली नोंद निर्वेधपणे स्वीकारली जाते. ज्यावर निबंधाचे पुढचे आयुष्य अवलंबून असते, तो सगळा भाग ऐच्छिक आहे, आणि म्हणूनच तो आपणहून भरावा लागतो.

आणखी एक: डीओआय छापील पानावर किंवा पत्रव्यवहारात जाहीर करण्यापूर्वी त्याची नोंदणी झालेली असावी. नाहीतर दुव्यावर जाणाऱ्या पहिल्याच वाचकाला ‘सापडला नाही’ असे पान दिसते.

निबंधाचे वेबपान

शोधयंत्रे आपल्या वेबपानावरही येतात आणि पानाच्या डोक्याशी, वाचकाला न दिसणाऱ्या भागात लिहिलेल्या खुणा वाचतात. गूगल स्कॉलरसाठी ‘सायटेशन’ या शब्दाने सुरू होणाऱ्या खुणा वापराव्यात: शीर्षकाची एक, प्रत्येक लेखकासाठी स्वतंत्र एक, प्रकाशनाच्या तारखेची, नियतकालिकाच्या नावाची आणि पीडीएफच्या पत्त्याची. १९९५ मध्ये जन्मलेल्या डब्लिन कोअर या मेटाडेटा-मानकाची पंधरा घटकांची पद्धत सोपी आणि सर्वत्र चालणारी आहे, परंतु तिच्यात नियतकालिक, खंड, अंक आणि पृष्ठे यांच्यासाठी निःसंदिग्ध जागा नाहीत. निबंधांच्या बाबतीत केवळ तिच्यावर भिस्त ठेवू नये. स्कीमा डॉट ओआरजी या वेबपानांच्या वर्णनासाठीच्या शब्दसंग्रहात ‘विद्वत्तापूर्ण लेख’ म्हणून पानाचे वर्णन करण्याची सोयही आहे, आणि ती या खुणांसोबत ठेवता येते.

यंत्राच्या नजरेने पाहा

आता सर्वांत महत्त्वाची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. नोंदणी झाल्यावर ब्राउझरच्या पत्त्याच्या जागी एपीआय डॉट क्रॉसरेफ डॉट ओआरजी, तिरपी रेघ, वर्क्स हा शब्द, पुन्हा तिरपी रेघ आणि आपला डीओआय असे लिहावे. खाते किंवा परवानगी लागत नाही. समोर जी दाट, कंसांनी भरलेली नोंद येईल, ती म्हणजे जगाला दिसणारा आपला निबंध. तिच्यात लेखकांचा भाग शोधावा आणि माणसे मोजावीत. निबंधावर चार नावे असतील तर चार स्वतंत्र कंस असायला हवेत. आडनावाच्या पुढे खरोखर आडनावच आहे का, ऑर्किड आहे का, संस्था रिकामी तर नाही, हे पाहावे. शीर्षकात चुकून राहिलेल्या खुणा किंवा विचित्र अक्षरे दिसत असतील तर टिपून ठेवावीत. शेवटी संदर्भांची संख्या पीडीएफमधल्या संख्येशी जुळवावी. एका निबंधाला पाच मिनिटे लागतात. माझ्या त्या चार लेखकांच्या निबंधासाठी ही पाच मिनिटे कुणी दिली असती, तर ती लेखिका आपल्या कामाला मुकली नसती.

संपूर्ण नियतकालिकाची स्थिती पाहायची असेल तर क्रॉसरेफच्या ‘पार्टिसिपेशन रिपोर्ट्स’ या पानावर प्रकाशकाचे नाव शोधावे. किती टक्के नोंदींत सारांश, संदर्भ, ऑर्किड, संस्थांचे क्रमांक, परवाना आहेत ते तिथे कळते. शून्यावर असलेला एखादा रकाना पाहून खचून जाऊ नये. बहुधा तो प्रणालीतली एखादी सोय बंद राहिल्यामुळे शून्यावर असतो, आणि ती सुरू केल्यावर जुने निबंध पुन्हा पाठवता येतात.

प्रकाशनानंतर

नोंद सुधारण्यासाठी तीच फाइल दुरुस्त करून पुन्हा पाठवायची असते. फाइलीत एक वेळदर्शक आकडा असतो, आणि तो आधीच्या फाइलीतल्या आकड्यापेक्षा मोठा नसेल तर नवी फाइल नाकारली जाते. ‘दुरुस्ती पाठवली पण लागली नाही’ अशा तक्रारीचे कारण अनेकदा एवढेच असते. संकेतस्थळ दुसरीकडे हलवले तर प्रत्येक डीओआयमागचा पत्ता बदलून द्यावा. हे काम हलवण्याच्या योजनेतच लिहून ठेवावे, नाहीतर जुने दुवे मृत पानांवर जाऊ लागतात.

शुद्धिपत्र प्रसिद्ध केले किंवा निबंध मागे घ्यावा लागला, तर मूळ नोंदीवर बोळा फिरवू नये. शुद्धिपत्राला किंवा मागे घेण्याच्या निवेदनाला स्वतःचा डीओआय द्यावा आणि त्याच्या मेटाडेटात ते कोणत्या निबंधाविषयी आहे हे त्या निबंधाच्या डीओआयने सांगावे. निवेदन फक्त संकेतस्थळावर चिकटवले तर ते तिथे येणाऱ्यालाच दिसते. ज्याने पीडीएफ तीन वर्षांपूर्वीच उतरवून ठेवली आहे, तो पुन्हा कधी आपल्या पानावर येणार नाही. क्रॉसरेफने २०२३ मध्ये रिट्रॅक्शन वॉच या उपक्रमाचा मागे घेतलेल्या निबंधांचा विदासंच मिळवून सर्वांसाठी खुला केला, आणि झोटेरोसारखी संदर्भ-व्यवस्थापनाची सॉफ्टवेअर अशा नोंदी वाचकाच्या स्वतःच्या संग्रहाशी ताडून पाहतात. जुळणी डीओआयवरून होते, त्यामुळे दोन्ही नोंदी बरोबर असतील तर मागे घेतलेल्या त्या निबंधाशेजारी वाचकाच्या संगणकावर इशारा उमटतो, आणि तो निबंध आपल्या संदर्भसूचीत घालण्याआधीच त्याचे लक्ष तिकडे जाते.